कापूर वकिलाचं गाऱ्हाणं

“तागडीच्या खिळ्याला हा कोण टांगलास?” नागुबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

“आई, मघाशीच सांगितलं. आप्पा आहेत ते.”

“तुझा आप्पा असा न्हवता.”

“फोटोग्राफरनं थोडा हात फिरवलाय. मूळ फोटो जुना होता. डोक्याकडचा भाग पुसट झालेला.”

“डोस्कं पुसट न्हवतं. डोस्क्यावर टावेल हुता. मालूच्या लग्नातला फोटो त्यो. टावेलाचं ठिगळ मी घातलेलं, मला म्हाईत न्हाय?” ती फोटोच्या आणखी जवळ गेली. “आणि ह्या मिशा कुणाच्या रं?”

“मिशा होत्या की आप्पांना.”

“हुत्या. भिजलेल्या मांजराच्या शेपटीगत खाली पडलेल्या. ह्या वर कवा गेल्या? मेल्यावर?”

परशरामानं खिशातलं घड्याळ काढून बघितलं. अडचणीचा प्रश्न आला की घड्याळ बघायची सवय त्याला चिकोडीच्या कोर्टात लागली होती. तिथं त्यामुळे पुढची तारीख मिळायची. घरात मिळत नसे.

“आणि तागडी कुठं हाय?”

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्याची बायको विनोदिनी म्हणाली, “माळ्यावर ठेवलीय, पोत्यात गुंडाळून.” नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं तशी ती आत गेली, पण सांगायचं ते सांगून झालं होतं.

निपाणीच्या बाजारात, तंबाखूच्या वखारींसमोर, हे दुकान बेचाळीस वर्षं होतं. सुकट, जवळा, बोंबील, खारे बांगडे. मागच्या बाजूला घर. परशरामाचा बाप शामू वायंगणकर दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून नागुबाई दुकानात बसत होती. जुना गडी मष्णू पोती उतरवायचा, ती तोलायची. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका संध्याकाळी नाकातोंडाला बांधलेलं फडकं सोडत येत आणि पदराच्या टोकात सुकट बांधून घेऊन जात.

आता परशराम म्युनिसिपालटीला उभा राहणार होता. सोमवारी अर्ज. दुकान बंद करून तिथं कचेरी थाटायची आणि आईला संकेश्वरला आपल्या बहिणीकडं, मालुबाईकडं, धाडायचं असा त्याचा बेत होता. “निवडणुकीपुरतं” असं तो म्हणत होता. पण निवडणुकीपुरती कोणी तागडी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकत नाही, हे नागुबाईला कळत होतं. शिवाय मृग आठ दिवसांवर आला होता. मृगाच्या आधी वेंगुर्ल्याहून मालाच्या दोन मोटारी यायच्या आणि तो माल पावसाळाभर विकायचा. ह्या आठवड्यात फळ्या बंद राहिल्या तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की गिऱ्हाईक गेलं. दुकान राहतं की जातं, एवढाच प्रश्न होता. फोटो हे त्याच्यावर ठेवलेलं बेलपान.

फोटो मात्र पाहण्यासारखा होता. दोन हात उंच, सोनेरी चौकट. भरजरी पटका, गळ्यापर्यंत बटणांचा कोट, वर वळलेल्या मिशा. कोल्हापुरातल्या रंगाऱ्यानं कसबानं काम केलं होतं. फक्त एक गोष्ट तो विसरला होता. कोटाच्या बाह्यांतून बाहेर आलेले हात शामूचेच राहिले होते. मिठानं खाल्लेली, टोकाला फुटलेली, जाड बोटं. असले हात घेऊन कोणी सरदार जन्माला आलेला नाही.

परशरामाला सरदार हवा होता म्हणून हा खर्च. गेल्या वर्षीपासून त्यानं आपल्या पाटीवर ‘सरनोबत’ असं आडनाव लावायला सुरुवात केली होती. आपले पूर्वज सैन्याबरोबर घोड्यावरून ह्या मुलखात आले असं तो सांगे. कोणत्या सैन्याबरोबर ते ऐकणाऱ्यावर अवलंबून असे. मराठी माणूस समोर असला तर सैन्य उत्तरेकडून यायचं, कानडी असला तर दक्षिणेकडून. सीमेवरच्या गावात ही सोय मोठी असते. येळ्ळूरच्या सभेत तो म्हणाला होता की आमची हाडं मराठी आहेत. आठ दिवसांनी हुक्केरीकडच्या एका मठात, कानडीत, आमची मुळं इथल्याच मातीत आहेत म्हणाला. दोन्हीकडं त्याला सत्काराचा नारळ मिळाला. पटक्याचा रंग आणि बांधणी ठरवायला त्यानं रंगाऱ्याकडं दोन खेपा घातल्या, कारण दोन्हीकडच्यांना तो आपला वाटायला हवा होता.

खरी गोष्ट घोड्याची नव्हती, बैलाची होती.

शामू हा वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीचा. दुसऱ्याच्या गाडीवर गाडीवान. बंदरावरून मीठ आणि सुकी मासळी भरायची, आंबोलीचा घाट चढायचा, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत निपाणीला यायचं आणि तंबाखू भरून परत जायचं. एका खेपेला निपाणीच्या बाजारात त्याचा उजवीकडचा बैल बसला तो उठलाच नाही. मालकाचा बैल मेला म्हणजे घरी जायची सोय राहिली नाही. शामूनं गाडी तिथंच सोडली, त्याच गाडीवर उभं राहून मासळी विकली आणि राहिला. दुसऱ्या वर्षी मालकाचे पैसे फेडले आणि गावी जाऊन नागुबाईला लग्न करून आणली. घोडा, सैन्य, सरनोबत ह्या सगळ्याच्या मुळाशी तो मेलेला बैल होता. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

शामू निपाणीची भाषा शिकला. “न्हाय”, “व्हय” म्हणू लागला, गिऱ्हाइकापुरती कानडीही आली. पण वर्षातून एक दिवस तो आपल्या गावची भाषा बोलायचा. मृगाच्या आधीचा माल उतरला की दुकानाच्या उंबऱ्यात नारळ ठेवून, कापूर लावून तो गाऱ्हाणं घालायचा. कोकणात कुठल्याही कामाच्या आधी घरातला कर्ता पुरुष देवापुढं उभा राहून मोठ्यानं सगळं सांगतो, आपण कोण, कुठले, काय करतो, काय पाहिजे. आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर घरातली माणसं “व्हय म्हाराजा” म्हणतात. ती म्हणाली नाहीत तर गाऱ्हाणं पोचत नाही. साक्षीदाराविना जबानी, असं म्हणा.

“बा देवा म्हाराजा, रवळनाथा, सातेरी माये,” शामू भर बाजारात आवाज चढवायचा, “वायंगणीचो हो तुझो लेकरू घाट चढान परमुलखात इल्लो आसा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” नागुबाई, मालू, मष्णू.

“सुकी मासळी इकून प्वाट भरता म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“तेचो झील परीक्षेक बसलो हा, तेच्या टाकाक येस दी म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

हा झील म्हणजे मुलगा, परशराम. तो मात्र वयाच्या दहाव्या वर्षापासून त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून आत पडून राहायचा. शाळेत त्याला ‘बोंबल्या’ म्हणत. नावं सगळ्याच पोरांना ठेवली जातात. दुसरी पोरं मारामारी करून मोकळी होत. परशराम घरी येऊन अंगाला कापूर चोळायचा. देवघरातला कापूर संपला की नागुबाईला वाटायचं उंदीर खातात.

बेळगावला हायस्कुलात गेला, तिथं तर ट्रंकेत कापराच्या वड्या ठेवायला लागला. सदऱ्याला कापूर, धोतराला कापूर, पुस्तकांना कापूर. बाप महिन्यातून एकदा डाळ-तांदूळ घेऊन भेटायला यायचा तर हा बोर्डिंगच्या अलीकडं, किल्ल्याच्या खंदकाजवळ त्याला गाठायचा आणि वारा कुठून येतोय ते बघून उभा राहायचा. शामूला वाटायचं, पोरगा पुढं येऊन वाट बघतोय. घरी येऊन तो नागुबाईला कौतुकानं सांगायचा, “पोरगं निम्म्या वाटंवर येतंय गं.” तिनं एकदा स्वतः जाऊन बघितलं. शामूनं विचारलं तेव्हा म्हणाली, “व्हय, येतंय निम्म्या वाटंवर.”

कोल्हापुरात तो बी.ए. झाला. वकिलीच्या परीक्षेला एकदा नापास, दुसऱ्यांदा पास. दोन्ही वर्षी शामूनं गाऱ्हाणं घातलं होतं. पास झाल्यावर परशरामानं यशाचं श्रेय अभ्यासाला दिलं. नापास झाला तेव्हा मात्र म्हणाला होता की असल्या अडाणीपणानं घरात वातावरणच राहत नाही.

चिकोडीच्या मुन्सफ कोर्टात पहिला दावा चालवायला उभा राहिला तेव्हा त्याची वाचा बसली. अशील एक म्हातारा होता, बांधावरच्या चिंचेच्या झाडासाठी भांडत होता. मुन्सफानं दोनदा म्हटलं, “बोला.” परशरामानं टेबलाची कड धरली, डोळे मिटले आणि बोलायला लागला. एक वाक्य, मग थांबणं. एक वाक्य, मग थांबणं. प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा जरा वर चढलेलं. म्हातारा भारावून मान हलवत होता. त्या दिवशी कोर्टात कोकणातला एखादा माणूस असता तर प्रत्येक थांब्यावर त्यानं आपसूक “व्हय म्हाराजा” म्हटलं असतं. चिंच म्हाताऱ्याला मिळाली. “वक्तृत्व उपजत आहे” असं बाररूममध्ये कोणी म्हणालं, ते परशरामानं मान्य केलं.

ह्याच बाररूममध्ये त्याचं नाव ‘कापूर वकील’ पडलं. त्याला वाटायचं, कापरानं मासळीचा वास झाकतो. प्रत्यक्षात ज्याला शामूचं दुकान माहीत नव्हतं तोही विचारायचा, ह्या माणसाला एवढा कापूर कशाला लागतो? मग कोणी तरी सांगायचं. कापूर नसता तर निम्म्या तालुक्याला पत्ता लागला नसता.

बेळगावच्या पोष्टातल्या कारकुनाची मुलगी त्यानं केली, ती विनोदिनी. लग्नाआधी अट घातली की घरात मासळी शिजणार नाही. विनोदिनीचं माहेरही मूळचं घाटाखालचंच. तिला अट ऐकून रडू आलं, पण नवरा वकील होता. पुढं लग्नाला महिना व्हायच्या आत तिला कळलं की कोर्टाला सुट्टी असली की दुपारी हा माणूस परसदाराला कडी लावतो, खिडकीला पोतं टांगतो आणि म्हणतो, “एक बांगडा भाज. धूर बाहेर जाऊ देऊ नको.” धूर आत राहायचा. विनोदिनी खोकत भाजायची, तो घामाघूम होऊन खायचा आणि मग दोघांवर कापूर फिरवायचा. दहा वर्षं हे चाललं होतं. दुकानात चार पोती बांगडा उघड्यावर असताना मागच्या खोलीत एकासाठी एवढा बंदोबस्त.

राजकारणात तो सदतिसात शिरला, निवडणुकीचा निकाल लागल्यावर. कोण जिंकलं ते बघून त्यानं खादीचा सदरा शिवला. बेचाळीसच्या ऑगस्टात धरपकड सुरू झाली तेव्हा त्याला कावीळ झाली. तो संकेश्वरला मालुबाईच्या माळ्यावर दिवाळीपर्यंत झोपून होता. मालुबाई त्याला पथ्याचं म्हणून भात-ताक द्यायची आणि तो रात्री उतरून शिंकाळ्यातला जवळा संपवायचा. पुढं भाषणांत त्या तीन महिन्यांना तो “माझे भूमिगत दिवस” म्हणू लागला. मालुबाईनं ते एका सभेत ऐकलं आणि शेजारणीला म्हणाली, “भूमीत न्हवता बाई. चांगला माळ्यावर हुता.”

आता सेहेचाळीस साल. स्वराज्य येणार हे दिसत होतं आणि ते आलं की खुर्च्या मांडल्या जाणार हेही. परशरामाला पहिली खुर्ची निपाणीत हवी होती, पुढची मुंबईत. मत पट्टी भरणाऱ्यांनाच, त्यामुळे त्याच्या वॉर्डात वखारवाल्यांचं वजन, आणि त्यांच्यात आण्णाप्पांचं. आण्णाप्पा हे जैन घरातले म्हातारे गृहस्थ, दुकानासमोरची मोठी वखार त्यांची. त्यांची सही अर्जावर असली की वॉर्ड झाला. रविवारी सकाळी कचेरी बघायला येतो, असं त्यांनी कळवलं होतं. सुकटीच्या पोत्यांत त्यांना बसवणार कुठं?

म्हणून हे भांडण.

“वास,” परशराम शेवटी म्हणाला. “वासाचा प्रश्न आहे आई. तुला कळत नाही. ती माणसं शाकाहारी आहेत.”

“सगळ्या गावाला तंबाखूचा वास मारतोय. शिंकून शिंकून पोरं जन्माला येत्यात हितं. त्याला कोण नाव ठेवतंय?”

“तंबाखूची गोष्ट वेगळी.”

“व्हय. तंबाखूवाल्याला मत हाय. माझ्या गिऱ्हाइकाला न्हाय.”

मष्णू पायरीवर बसून हे ऐकत होता. तो हसला आणि हसल्याबद्दल तोंडावर हात ठेवला.

नागुबाई खाली बसली. तिला बासष्टावं वर्ष होतं आणि तिचे गुडघे दुखत होते. शामू गेल्यापासून पोरगा दर आठवड्याला नवीन काही तरी काढत होता. भांडून दुकान राखता येतं, पण रोज भांडून राहता येत नाही. थोडा वेळ ती फोटोतल्या हातांकडं बघत राहिली. मग म्हणाली, “बरं. जाते मी मालूकडं.”

परशरामानं घड्याळ खिशात ठेवलं.

“पण चाळीस वर्षं ह्या उंबऱ्यात तुझ्या आप्पानं गाऱ्हाणं घातलं. दुकान देवाला सांगून उघडलंय, देवाला सांगून बंद हुईल. कर्ता तू. तू घाल. आपण कोण, कुठनं आलो, काय इकलं, काय खाल्लं, सगळं सांग आणि आता बंद करतो म्हण. आम्ही व्हय म्हाराजा म्हणतो. मी लगेच बोचकं बांधते.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“लिहून देतो पाहिजे तर,” परशराम हसून म्हणाला. एवढा सोपा निकाल त्याला कोर्टात कधी मिळाला नव्हता.

इथं त्यानं चूक केली. शनिवारी संध्याकाळी घरच्या चार माणसांत, उंबऱ्याशी उभं राहून, त्यानं हळू आवाजात बापाचे चार शब्द म्हटले असते तर काम झालं असतं. मष्णूनं नारळही आणला होता. पण परशरामाला वाटलं, रविवारी आण्णाप्पा येणारच आहेत. नारळ, कापूर, कर्ता मुलगा, वडिलांचा फोटो, घराण्याची परंपरा. लोकांवर छाप पडेल आणि आईचंही समाधान होईल. फुकटची गोष्ट दोनदा वापरायची त्याला फार हौस.

रविवारी दहा वाजता दुकान धुऊन, सारवून, चुना मारून तयार होतं. वास गेला नव्हता. भिंती चाळीस वर्षं मीठ प्यायलेल्या होत्या. चुन्यानं त्या ओल्या झाल्या तसा उलट वास चढला. परशरामानं चार कोपऱ्यांत कापूर पेटवला. आण्णाप्पा आणि त्यांच्याबरोबर वखारीतले तिघेजण येऊन सतरंजीवर बसले. आण्णाप्पांनी फोटोकडं बघितलं, मग नागुबाईकडं, आणि काही विचारलं नाही. नागुबाई, विनोदिनी आणि मष्णू उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभे राहिले, गाऱ्हाण्याला घरची माणसं उभी राहतात तिथं.

परशरामानं नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले.

“हे परमेश्वरा,” तो म्हणाला.

मष्णूनं नागुबाईकडं बघितलं. रवळनाथ नाही, सातेरी नाही.

“आमच्या सरनोबत घराण्याचे मूळ पुरुष अश्वारूढ होऊन ह्या प्रांती आले.”

तो थांबला. थांबायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. तोंडाला ती चाल बापाकडून लागलेली होती, वाक्य संपलं की आवाज आपोआप वर जाऊन उभा राहिला, उत्तराची वाट बघत.

कोणी काही म्हणालं नाही.

“ह्या भूमीसाठी त्यांनी रक्त सांडलं.”

पुन्हा थांबला. विनोदिनीनं पदर तोंडाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला. मष्णू आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. चाळीस वर्षं त्यानं इथं उभं राहून होकार भरला होता. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

“माझ्या पूज्य वडिलांनी ह्या जागेत,” परशरामानं डोळे किलकिले करून आण्णाप्पांकडं बघितलं, “ह्या जागेत व्यापार-उदीम केला.”

“कशाचा?” नागुबाई हळू म्हणाली.

त्यानं ते ऐकलं. ऐकल्याचं त्याच्या कानांवर दिसलं, ते लाल झाले. एक शब्द होता. तो म्हटला असता तर आई बोचकं बांधून गेली असती. तिनं वचन दिलं होतं, आणि ती दिलेलं परत घेणाऱ्यांतली नव्हती. परशरामानं घसा साफ केला.

“लोकोपयोगी जिन्नसांचा,” तो म्हणाला.

वाक्य वर गेलं आणि तिथं एकटंच उभं राहिलं. बाहेरून एक गाडी गेली. मग त्यानं देश, स्वातंत्र्य, वॉर्डातली गटारं आणि वडिलांचा आशीर्वाद असं सगळं एका दमात सांगून टाकलं, कुठंही न थांबता, कारण थांबायची आता भीती वाटत होती. ते संपल्यावर वखारीतल्या एकानं टाळी वाजवली. मग बाकीच्या दोघांनी.

गाऱ्हाण्याला टाळ्या पडलेल्या नागुबाईनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या.

आण्णाप्पांनी टाळी वाजवली नाही. ते हाताचा रेटा देऊन उठले, उपरणं झटकलं. “वकील,” ते म्हणाले, “तुमचा बाप गाऱ्हाणं घालायचा तेव्हा आम्ही समोर कट्ट्यावर बसून ऐकत होतो. वर्षातनं एकदा. शेवटाला आमचे हमालसुद्धा व्हय म्हाराजा म्हणायचे. मीही एकदा म्हटलो, चुकून.” परशरामाचा चेहरा बघून ते किंचित हसले. “घाबरू नका. बैल मेला त्या दिवशी मी इथंच होतो. वीस वर्षांचा होतो. गाडीतली मासळी रस्त्यात सांडली म्हणून आमच्या बापानं तुमच्या बापाला काठी दाखवली होती. मग मागनं त्यानंच ही जागा दिली. सगळ्या गावाला माहीत आहे.”

परशरामानं काही तरी बोलायला तोंड उघडलं.

“राहू दे,” आण्णाप्पा म्हणाले. “आज जे केलात ते गाऱ्हाणं नव्हे, भाषण. पण म्युनिसिपालटीत आम्हाला गाऱ्हाणं घालणारा कशाला पाहिजे? कशाला काय म्हणायचं नाही ते कळणारा माणूस पाहिजे. उद्या या. सही करतो.”

ह्यातलं परशरामानं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. त्यानं आण्णाप्पांना पायरीपर्यंत पोचवलं, मग रस्त्यापर्यंत, मग समोरच्या वखारीच्या दारापर्यंत. परत आला तो हात चोळत, शीळ घालायचाच काय तो बाकी होता.

“झालं,” तो म्हणाला. “सही मिळाली. आई, दोनची सर्व्हिस मोटार आहे संकेश्वरला. बोचकं बांधलंस?”

नागुबाई स्टुलावर उभी होती. मष्णूनं स्टूल धरलं होतं. तिनं फोटो खिळ्यावरून काढून खाली दिला आणि विनोदिनीनं तो भिंतीकडं तोंड करून ठेवला. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं. मष्णू माळ्यावर गेला, पोतं सोडलं. तागडीची पारडी पोत्यातून निघताना एकमेकांवर आपटली.

“आई, तू कबूल केलं होतंस. गाऱ्हाणं घातलं की जाते म्हणालीस.”

“व्हय.”

“मग?”

“कोण व्हय म्हाराजा म्हणालं?”

“तुम्हीच म्हणाला नाहीत. हा काय न्याय झाला? साक्षीदार फोडायचे आणि वर—”

“खोट्याला कोण व्हय म्हणंल? मष्णू म्हणाला न्हाय. तुझी बायकू म्हणाली न्हाय.” तिनं तागडी खिळ्याला अडकवली, दांडी बोटानं दाबली, सोडली आणि पारडी स्थिर होईपर्यंत बघत राहिली. “तू परमेश्वराला सांगितलंस. रवळनाथाला अजून कायबी म्हाईत न्हाय.”

परशरामानं घड्याळ काढलं. ती स्टुलावरून उतरली, गुडघा चोळला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल पण ओरडल्यासारखं होणार नाही अशा आवाजात म्हणाली:

“मष्णू, वेंगुर्ल्याच्या मोटारी बुधवारी येतील, पोती हितंच उतरायची. फळ्या उद्या सकाळी सातला उघडायच्या. परश्या, तुझं हापीस दुसरीकडं बघ, तुझा सरदारबी घेऊन जा. विनोदिनी, खिडकीचं पोतं काढ. आजपासनं ह्या घरात बांगडा दार उघडं टाकून भाजायचा.”